हा एप्रिल नको, पुढचा

प्रश्न : मस्कतमध्ये येऊन 19 वर्षं झाली. आई-बाबा चिपळूणला दोघंच आहेत, आता थकलेत. येत्या एप्रिलमध्ये कायमचं परतायचं ठरवतोय. मुलगा अकरावी सायन्सला आहे, त्याला इंजिनिअर व्हायचंय. मुलगी आठवीत, तिला डॉक्टर. दोघंही सीबीएसईत. मुलांच्या दृष्टीने ही वेळ योग्य आहे का?

उत्तर : नमस्कार. परत यावं की नाही हे तुम्ही विचारलेलं नाही, ते बरंच केलंत. त्याचं उत्तर तुमच्या आई-बाबांकडे बघून द्यायचं असतं. तारखेबद्दल मात्र बोलतो, कारण तिथेच तुमचं गणित चुकतंय.

आधी मुलगा. एनआयटीसारख्या संस्थांत ‘डासा’ या, परदेशात शिकलेल्यांना प्रवेश देणाऱ्या योजनेखाली सीआयडब्ल्यूजी (चिल्ड्रन ऑफ इंडियन वर्कर्स इन गल्फ कंट्रीज) हा वेगळा कोटा असतो, आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी. (त्यातल्या ‘वर्कर’ शब्दाला बिचकू नका, साहेबांची मुलंही त्यातूनच येतात.) प्रवेश जेईई मेनवर, आणि शिकवणी शुल्क इथल्या मुलांइतकंच. एकच अट सगळ्यांना नडते : अकरावी आणि बारावी, दोन्ही परदेशातच झालेली हवी. अकरावी तिथे करून बारावीला इकडे आणलंत, तर हा कोटा गेला. शिवाय दहावी-बारावीला मधूनच शाळा बदलायची तर सीबीएसईची परवानगी लागते, ते वेगळंच.

आता मुलगी, आणि इथे नियम नेमका उलटा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकलच्या 85 टक्के जागा राज्याच्या. त्यासाठी ‘नीट’ परीक्षा तर हवीच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी, शिवाय डोमिसाईल, म्हणजे राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला. तिची दहावी मस्कतला झाली की उरतात अखिल भारतीय 15 टक्के आणि खासगी कॉलेजांच्या महागड्या जागा. म्हणजे मुलाने थांबायला हवं आणि मुलीने निघायला हवं.

पण तुमचं नशीब चांगलं. मुलाची बारावी आणि मुलीची नववी एकाच मार्चमध्ये संपतात. तेव्हा हा एप्रिल सोडा, पुढचा धरा. त्याच्या पुढे मात्र मुलीचं येणं एक महिनाही ढकलू नका.

दहावीला नवी शाळा हे मुलीला जड जाईल, खोटं कशाला सांगू. कुटुंबाचं स्थलांतर या कारणावर सीबीएसई दहावीत प्रवेश देऊ देते. पण विषय नववीत नोंदवलेलेच राहतात. तिने नववीत फ्रेंच घेतलं, तर चिपळूणमध्ये फ्रेंचची शाळा शोधत फिराल. आत्ताच हिंदी घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रकं तिथूनच साक्षांकित करून आणा; इथे आल्यावर त्या एका शिक्क्यासाठी मस्कतला माणूस शोधावा लागतो.

दुसरं, राजीनाम्याची घाई नको. सीआयडब्ल्यूजीला तुमच्या तिथल्या नोकरीचे आणि निवासाचे पुरावे लागतात. वहिनी आणि मुलगी एप्रिलमध्ये पुढे येऊ देत, तुम्ही मुलाची जागा नक्की झाल्यावर व्हिसा रद्द करा. चार-पाच महिने खानावळीवर काढाल, एवढंच. दोन्ही प्रवेशांच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नकोत.

डोमिसाईलचं काम वेळखाऊ आहे. त्यासाठी साधारण 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात, आणि तुम्ही तर 19 वर्षं बाहेर. तुमचा शाळेचा दाखला, जन्मदाखले, घरपट्टी, सातबारा, आजोबांचं रेशनकार्ड, जे असेल ते एका फाइलला लावा आणि या जून-जुलैत सुट्टीवर आलात की भर पावसात का होईना, तहसील कार्यालयात जाऊन नक्की काय लागेल ते विचारून या.

मराठीचं काय, असं पालक शेवटी विचारतात, तुम्ही विचारलं नाहीत. माझ्याकडे कुवेतहून आलेली एक मुलगी फॉर्म भरत होती. आडनाव काळे. तिने लिहिलं ‘काले’. मी म्हटलं, अगं ळ कुठे गेला? तर म्हणाली, सर, बोलताना येतो, लिहायला शाळेत कधी आलाच नाही. राज्यात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी आहे, तेव्हा आत्तापासून मुलीला रोज फोनवर पेपरमधली एक बातमी आजोबांना वाचून दाखवायला सांगा. आजोबा चुका काढतील. त्यांनाही काम मिळेल.