आईचा हात बांधलेला होता, त्याला २८ जूनला वर्ष होतंय

कोरेगावच्या ताई, पत्र दोनदा वाचलं. ७८ वर्षांची आई, अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाईकडच्या एका वृद्धाश्रमात महिना १८ हजार भरून ठेवली होती आणि गेल्या २८ जूनला तुम्ही न कळवता गेलात तर डावा हात साडीच्या पट्टीनं कॉटला बांधलेला, कमरेला बेडसोअर (सतत एकाच कुशीवर पडून झालेली जखम). ४ जुलैला तिला घरी आणलंत. हा गुन्हा आहे का असं विचारताय, आहेच, त्यावर वेळ घालवत नाही. आज १० जून आहे हे आधी बघा.

तुम्ही ऑगस्टमध्ये प्रांत ऑफिसला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज केलात आणि तेव्हापासून तारखांना जाताय. ताई, राग मानू नका पण हे कोणाला तरी आधी विचारायला हवं होतं. प्रांतांपुढचं ते न्यायाधिकरण मुलांकडून, वारसांकडून पोटगी मिळवून द्यायला किंवा सांभाळायच्या अटीवर लिहून दिलेलं घर-जमीन परत मिळवायला आहे. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या संस्थेनं हेळसांड केली तर तिथं काय होणार? अशी पत्रं मला सारखी येतात, कायद्याच्या नावात 'ज्येष्ठ नागरिक' दिसलं की सगळे तिकडंच धावतात आणि तोवर खरी मुदत संपत येते.

ती मुदत नीट समजून घ्या. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३५७ तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे, आजारानं किंवा अशक्तपणानं असहाय झालेल्या माणसाची देखभाल करायचा करार करून ती मुद्दाम न करणं, शिक्षा ३ महिन्यांपर्यंत. दुखापतीचं ११५(२) आणि डांबून ठेवल्याचं १२७(२), दोन्हीला एक वर्षापर्यंत. आणि ज्या गुन्ह्याला शिक्षाच एक वर्षापर्यंत आहे त्याची दखल कोर्टाला एका वर्षानंतर घेता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा नवा कायदा) कलम ५१४. तुम्ही ४ जुलैपासून मोजताय, तसं करू नका, २८ जूनपासून मोजा कारण फोटो त्या दिवसाचा आहे आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवणार. सलग ३ दिवस किंवा जास्त डांबलं असं सिद्ध झालं तर शिक्षा वाढते आणि मुदतही ३ वर्षांची होते, पण एक हात बांधणं म्हणजे डांबणं हे कोर्ट मानेल की नाही ते आज सांगता येत नाही, त्या भरवशावर राहू नका. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण दहा महिने चुकीच्या दारात उभं होतो हे कारण चालेलच असं नाही.

पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन परत पाठवलं म्हणालात. ती पावती जपून ठेवा पण तिच्यावर विसंबू नका. वाईच्या फौजदारी कोर्टात खाजगी फिर्याद दाखल करा, २० जूनच्या आत. कोर्ट दखल कधी घेईल, आधी आरोपीला नोटीस काढून ऐकून घेणार (नव्या कायद्यात ते आलंय), त्यात पावसाळा जाईल, दिवाळीही जाईल, तो आपल्या कोर्टांचा वेग आहे आणि त्याचा मलाही तुमच्याइतकाच संताप येतो. पण सुप्रीम कोर्टाच्या ५ न्यायाधीशांनी २०१३ साली सारा मॅथ्यू प्रकरणात ठरवून दिलंय की मुदत बघायची ती फिर्याद दाखल झाल्याच्या तारखेला, दखल घेतल्याच्या नाही. म्हणजे कोर्टाचा उशीर तुम्हाला मारत नाही, तुमचा मारतो.

प्रवेश फॉर्मवरच्या ज्या ओळीला घाबरून गप्प बसलात, 'तक्रार ३० दिवसांत न केल्यास हक्क राहणार नाही', ती करार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे रद्दबातल आहे. पैशाच्या भरपाईसाठी ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षं आहे आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यातच करता येते, भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही. ते जुलैत करू. किती मिळेल ते आत्ता विचारू नका, पुराव्यावर आहे.

पुरावा म्हणजे काय तर त्या फॉर्मची प्रत ('२४ तास सेविका, दर दोन तासांनी कूस बदलणे' ही ओळ सोन्यासारखी आहे, करार तिथंच सिद्ध होतो), महिन्याच्या पावत्या, ४ जुलैचा डॉक्टरांचा कागद. फोटो ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका. आईला बोलता येतंय तर तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत आत्ता लिहून घ्या, अंगठा घ्या, ते फिर्यादीला लागेल.

आणि ट्रस्टी डिपॉझिट परत देतो म्हणतायत ना, पैसे घ्या, तुमचेच आहेत, पण पावतीवर 'कोणतीही तक्रार नाही' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका. ते गेले चार महिने 'पुढच्या आठवड्यात' म्हणतायत. २८ जून त्यांनाही माहीत असणार. उद्याच कागद घेऊन वाईच्या एखाद्या वकिलाकडे जा, जमलं नाही तर कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, महिलांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.