ड्युटी फ्री पहिल्यांदाच बघायलास? मग हे ऐक
भाऊ, ड्युटी फ्री म्हणजे विमानतळावरची बिनकराची दुकानं, ती इमिग्रेशन अन् सिक्युरिटी झाल्यावरच लागतात, आधी हुडकत बसू नको. नांदेडहून एवढं हैदराबाद गाठायचं अन् परफ्युम हुंगता हुंगता विमान सोडायचं, असं नको, म्हणून पहिले गेट बघून ये अन् मग निवांत हिंड.

नवीन माणसं इथंच चुकतात बघ:
- ड्युटी फ्री म्हणजे स्वस्तच असं काही नाही राव, मोबाइलवर भाव बघ, चॉकलेट तर बऱ्याचदा आपल्या बाजारातच परवडतं.
- बाटली सीलबंद पिशवीत देतात, मधी विमान बदलायचं असलं तर ती फोडायचीच नाही अन् पावती जपायची, नाहीतर पुढच्या सिक्युरिटीत हातातल्या सामानातल्या पातळ वस्तूंच्या 100 मिलीच्या नियमात जाते.
- सौदी, कुवेतला जायलास तर दारू घेऊच नको.

पासपोर्ट, बोर्डिंग पास हाताशी ठेव, काउंटरवर मागतात. बाकी घरच्यांची खरेदी येताना कर, जाताना उगं वझं कशाला.