तेवीस मुडदे जरा जास्त होतायत

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फोनवर तो खाली खाली सरकवताना माझा चहा गार झाला, म्हणून उत्तर कागदावर लिहितोय. फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर आईकडून वाचून घे. तसंही तिने हे वाचावं असं मला वाटतंच, कारण परवा मंडईत तिने मला भाजीच्या पिशवीसकट थांबवलं आणि म्हणाली, "हिला हे काय आवडायला लागलंय हो? काल लॅपटॉपवर एकाचा हात तुटून पडला आणि ही खिचडी खात हसत होती."

मी म्हटलं, थांबली असती तर खिचडी गार झाली असती. तिला काही हसू आलं नाही.

तुझे प्रश्न दोन. असले रक्ताचे मारामारीपट आवडतात म्हणजे आपल्यात काही बिघडलंय का, हा पहिला. तुझ्या निन्जांच्या लघुपटाची पटकथा कशी वाटली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. आमच्या लहानपणी पेठांतल्या गणपतीत हलते देखावे बघायला आम्ही रात्र रात्र रांगेत उभे राहायचो, आणि सगळ्यात मोठी रांग अफझलखानाच्या वधाला असायची. कर्ण्यातून निवेदन चालू, महाराजांचा हात झटक्याझटक्याने वर येणार, खानाच्या पोटावरची फळी उघडणार, आत लाल बल्ब आणि लाल लोकरीची आतडी. पोरं आईबापांच्या खांद्यावर बसून टाळ्या वाजवायची. 'कोथळा' हा शब्द मराठी मूल चौथीच्या इतिहासाच्या आधीच शिकतं. नरसिंहाच्या मांडीवरचा हिरण्यकश्यपू आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. तेव्हा रक्त बघायची हौस तुला जपानी पिक्चरांनी लावली, असं आईला वाटत असेल तर तिला तिच्या लहानपणच्या गणपतीची आठवण करून दे.

फक्त एक कर. या आवडीचं समर्थन करायला मोठमोठी वाक्यं शोधू नकोस. "हिंसेचं सौंदर्यशास्त्र" हा शब्द तुझ्या मेसेजमध्ये तीनदा आलाय. मजा येते म्हण आणि मोकळी हो.

मलाही यायची. ऐंशीच्या दशकात आम्ही चाळीतली पोरं वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्याने आणायचो. घरातली मोठी माणसं झोपेपर्यंत एखादा कौटुंबिक हिंदी पिक्चर, मग कॅसेटवाल्याकडची खरी खरेदी बाहेर यायची. १९८१चा 'एंटर द निन्जा' मी तसाच पाहिला. त्यातला नायक, फ्रँको नीरो हा इटालियन नट, पांढऱ्याशुभ्र पोशाखात लपतछपत फिरतो. रात्रीच्या अंधारात, पांढरा! आम्हाला त्यात काही खटकलं नाही. दुसऱ्याच दिवशी झाडूचा दांडा कापून सायकलची चेन लावून मी नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार, बनवला, आणि पहिल्याच फेरीत तो माझ्याच कपाळावर आला. तीन टाके. भुवईवरची खूण तू बघितलीच आहेस. लहानपणी तुला सांगितलेली कुत्र्याची गोष्ट खोटी होती.

आता तुझी यादी. एक्केचाळीस पिक्चर आणि प्रत्येकापुढे रक्ताचे थेंब, शून्यापासून पाचपर्यंत. इथे मात्र माझं तुझ्याशी जमत नाही. कढीत मीठ किती चमचे पडलं यावरून कढी कशी झाली हे ठरवण्यासारखं आहे ते.

कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या एकांकिकेत खून होता. रक्ताची जबाबदारी माझ्याकडे. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, आणि तो गुलाबी दिसू नये म्हणून चिमूटभर कोको. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ती सदऱ्याच्या आत चिकटवली. तालमीत झकास फुटायची. प्रयोगाच्या दिवशी भरत नाट्य मंदिर खच्चून भरलेलं, आणि मारेकरी अजून चार पावलं लांब असतानाच आमच्या नटाने घाबरून छातीवर हात दाबला. पिशवी फुटली. सुरा अजून म्यानात होता आणि माणूस रक्तबंबाळ. मागच्या रांगांतून जी शिट्टी आली ती मला आजही ऐकू येते. वर रात्रभर विंगेत ठेवलेल्या कपड्यांना मुंग्या लागल्या त्या वेगळ्याच.

बऱ्याच वर्षांनी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा १९६२चा 'सान्जुरो' बघायला मिळाला. तुझ्या यादीत तो नाही, कारण शेवटच्या एका दृश्यापर्यंत त्यात तुला लागेल तेवढं रक्त नाही. तोशिरो मिफुने आणि तात्सुया नाकादाई हे दोन नट समोरासमोर, हाताच्या अंतरावर उभे राहतात आणि काहीच करत नाहीत. जवळजवळ अर्धा मिनिट. थेटरात कुणीतरी खोकलं तर सगळ्यांनी मान वळवून बघितलं. मग एकच हालचाल, आणि छातीतून रक्ताचा फवारा. पंपाचा दाब ठरवल्यापेक्षा जास्त झाला आणि फवारा भलताच मोठा उडाला, असं सांगतात. तोच टेक ठेवला. म्हणजे बघ, गडबड त्यांचीही झाली आणि आमचीही. तिथे कुणी हसलं नाही, कारण आधीच्या अर्ध्या मिनिटात त्यांनी आमचा श्वास काढून घेतला होता. जपानी तलवारपटांत पुढे जी रक्ताची कारंजी सुरू झाली त्यांचं मूळ बरेच जण इथेच शोधतात.

म्हणून तुझ्या पटकथेबद्दल. अकरा मिनिटं आणि तेवीस मुडदे, म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला एक पडतोय. कुरोसावाने तेवढा वेळ नुसतं उभं राहण्यात घालवला. तेवीस जरा जास्त होतायत. तीन ठेव. दोन म्हणालो असतो, पण तुझा चेहरा डोळ्यांसमोर आला.

आणि एक अभ्यास देतो. तू पाच थेंब दिलेला 'शोगन असॅसिन' हा मुळात एक पिक्चर नाहीच. 'लोन वुल्फ अँड कब' मालिकेतले सहा चित्रपट १९७२ ते १९७४ मध्ये आले, ती बाबागाडी ढकलणाऱ्या तलवारबाजाची मालिका. त्यातले पहिले दोन कापून, जोडून, इंग्रजी आवाज आणि नवं संगीत घालून १९८०मध्ये अमेरिकेसाठी हा एक तयार केला. पहिल्यातला थोडाच भाग घेतलाय, बहुतेक दुसरा. आता मूळ दोन्ही बघ आणि वहीत लिही: काय काय कापलं? माणूस गप्प बसलेला असताना किती वेळा कात्री चालली? एडिटिंगच्या कुठल्याही क्लासची फी यात वाचेल.

पण तुझ्या यादीतली खरी गंमत शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या कंपनीच्या दोन नावांत आहे आणि तुझ्या ती लक्षात आलेली नाही. चांग चेहचा १९८२चा 'फाइव्ह एलिमेंट निन्जाज' याला पाच थेंब, आणि लाऊ कार-लियुंगच्या १९७८च्या 'हीरोज ऑफ द ईस्ट'ला शून्य, पुढे शेरा, "बोअर, कुणी मरतच नाही." बरोबर आहे, त्यात कुणीच मरत नाही. पण हे दोन दिग्दर्शक एकमेकांना अनोळखी नव्हते. चांग चेहच्या सिनेमांतल्या मारामाऱ्या कित्येक वर्षं लाऊनेच बसवल्या. १९६७चा 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' त्यातलाच. चांगला शौर्य दिसायचं ते उघड्या छातीवर, रक्तात, मरता मरता उभं राहणाऱ्या माणसात. त्याच्या निन्जापटात एक जण स्वतःच्याच बाहेर आलेल्या आतड्यावर पाय पडून अडखळतो. (आपल्या देखाव्यातली लाल लोकर आठव.) लाऊची गोष्ट वेगळी. त्याचे वडील लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम हे नावाजलेले कुंगफू गुरू वाँग फेई-हुंग यांचे. घरात हुंग गार कुंगफू पिढीजात. त्याला प्रत्येक ठोशामागची विद्या माहीत होती, म्हणून ठोसा कुणाला लागला यापेक्षा तो कुठल्या घराण्याचा हे दाखवण्यात त्याला रस.

'हीरोज ऑफ द ईस्ट'चं कथानकच बघ. चिनी नवरा, जपानी बायको, आणि भांडण कशावरून तर तुझी कुस्ती श्रेष्ठ की माझी. बायको रागावून माहेरी. तिला परत आणायला हा डिवचणारं पत्र लिहितो, ते तिकडे सगळ्या जपानी युद्धकलेचा अपमान म्हणून वाचलं जातं, आणि सात उस्ताद चालून येतात. कराटे, जुडो, तलवार, भाला, एकेक. नवरा झालेला गॉर्डन लिऊ प्रत्येकाशी वेगळ्या रीतीने लढतो. शेवटी येतो निन्जा, यासुआकी कुराता. त्याच्या क्लृप्त्या बघताना मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो, थेंबभर रक्त न सांडता. तू तो बहुतेक पुढे ढकलत पाहिलास. पुन्हा पाहा, आवाज बंद करून. पाय बघ. हात सगळेच बघतात.

पटकथेतली आणखी एक गोष्ट. भर सकाळी सात वाजता वेताळ टेकडीवर काळ्या कपड्यातले आठ निन्जा. अगं, त्यांच्यापेक्षा लपलेली माणसं पोहे खायला आलेली असतील. तो काळा पोशाख जपानच्या पारंपरिक काबुकी रंगभूमीवरून आला असं मानलं जातं. तिथे सामान हलवणारे मदतनीस काळ्या कपड्यात वावरतात आणि ते दिसत नाहीत असं प्रेक्षकांनी धरून चालायचं असतं. त्यातल्याच एकाने अचानक सुरा काढला तर? जपानमधल्या इगा-कोगा भागांतल्या खऱ्या शिनोबींचं, म्हणजे निन्जांचं, काम बरंचसं आपल्या बहिर्जी नाइकांसारखं, वेश पालटून खबर काढण्याचं. त्या विद्येचा १६७६चा मोठा ग्रंथ 'बान्सेनशुकाई' हेरगिरीने भरलेला आहे. मग टेकडीवर सकाळी कुणाकडे कुणाचं लक्ष जात नाही? माकडटोपी, पांढरे बूट, हातात काठी, मोबाइलवर मोठ्याने भक्तिगीतं. तुझा निन्जा तो कर. आठातले सात कमी झाले, भाड्याचे कपडे वाचले.

आता जे लिहितोय त्यात विनोद नाही. "तलवार मिळाली नाही तर कोयता चालेल, मित्राच्या गावाकडे आहे" असं तू सहज लिहिलंयस. चालणार नाही. या शहरात कोयता हातात घेऊन केलेल्या रीलवरून पोरं पोलीस चौकीत बसली आहेत, आणि कोयत्याने ज्यांच्यावर खरे वार झाले त्यांच्या घरातली माणसं त्याच टेकडीवर फिरायला येतात. सान्जुरोची तलवार तुझ्या प्रेक्षकाने कधी पाहिलेली नाही, तिला बघून तो खेळात सामील होतो. कोयता त्याने सकाळच्या पेपरात पाहिलेला असतो. तू खेळ म्हणून उचलशील, त्याला तो खेळ वाटणार नाही. लाकडी तलवार सुताराकडून करून घे, चंदेरी रंग मी देतो, आणि चित्रीकरणाआधी रीतसर परवानगी काढ. परवानगीला वेळ लागेल. लागू दे, तोवर तालमी कर.

धाकट्या मावसभावाला बसवून 'द रेड' हा इंडोनेशियातला मारधाडपट दाखवलास तेही आईने सांगितलं. अकरा वर्षांचा आहे तो. पुन्हा करू नकोस.

तालमीवरून आठवलं. तू आणि तुझी टोळी, एकानेही आजवर कुणाचा ठोसा खाल्लेला नाही, हे पटकथेत लगेच दिसतं. तुझी माणसं मार खाऊन ताबडतोब उठतात. सहा महिने कराटेच्या नाहीतर ज्युडोच्या वर्गाला जा. पट्टा मिळाला नाही तरी चालेल. पाठीवर आपटल्यावर छातीतली हवा कशी जाते आणि परत यायला किती वेळ लागतो, एवढं कळलं की पटकथा आपोआप लांबेल. 'द रेड'मधला इको उवाईस लहानपणापासून पेन्चाक सिलात ही तिकडची युद्धकला शिकलेला होता. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्सला तो माहितीपटासाठी हिंडताना सापडला, तेव्हा टेलिफोन कंपनीची गाडी चालवत होता. त्याच्या पडण्यात जे वजन दिसतं ते नुसतं कॅमेऱ्याने येत नाही.

शनिवारी चारला ये. रक्ताच्या पिशव्या करून बघू. पाक मी करून ठेवतो, एकतारीपेक्षा जरा पातळ, नाहीतर ओघळत नाही. कोको घरात आहे, लाल रंग तू आण. बाटलीतला, पुडीतला नको, त्याचे डाग वर्षभर जात नाहीत. जुना सदरा घाल. ज्याच्या छातीवर पिशवी लावायची तो मित्रही घेऊन ये, आणि त्याला आत्ताच सांगून ठेव की सुरा लागेपर्यंत हात खाली ठेवायचे.

येताना मुंग्यांचा खडूही घेऊन ये.

तुझा,
काका