केशर आंब्यात फळमाशीचे सापळे कधी लावायचे? सापळ्यात रोज माशा पडतायत तरी फळात अळी निघते, असं का?

तोडणीच्या दीड-दोन महिने आधी लावा, म्हणजे आपल्याकडं मार्चअखेर धरून चाला, आणि अळी निघते कारण सापळ्यातल्या मिथाईल युजेनॉल या आमिषाच्या वासाला फक्त नर येतात, फळाला टोचून आत अंडी घालणारी मादी सापळ्यात येतच नाही. नर कमी झाले की मादीचं मिलन कमी होतं, एवढाच त्याचा फायदा, आणि फवारणीची वेळ कळते. आमच्या मोसंबी-आंब्याच्या बांधावर हेच बघतोय.

- एकरी ४ सापळे, माणसाच्या उंचीवर, सावलीतल्या फांदीला.
- दर आठवड्याला माशा मोजून वहीत लिहा आणि सापळा रिकामा करा. आकडा एकदम वाढला की समजा फवारणीची वेळ आली. सापळा टांगलेल्या तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माशा ओढून नेतात अन् मोजणीच खोटी येते.
- पडलेली फळं रोज वेचून खोल पुरा, अळी त्यातून मातीत उतरून कोष करते. सापळ्यापेक्षा हेच जास्त कामाचं, पण कंटाळा इथंच येतो.

फक्त एक, शेजारी काकडी-दोडका असंल तर त्यातली माशी वेगळी, तिला क्यू-ल्यूर या दुसऱ्या आमिषाची गोळी लागते.