हेलिओसच्या नाकाची किंमत

प्रश्न: आम्ही म्युनिकला असतो, दोन वर्षांनी कायमचे पुण्याला परतणार. शिल्लक ४० हजार युरो. लिलावात रोड्स या ग्रीक बेटावरचे प्राचीन चांदीचे नाणे येतेय, समोर बघणारा सूर्यदेव हेलिओस, उठाव जबरदस्त. नऊ हजारांपर्यंत बोली लावावी का? मुलीच्या शिक्षणाच्या वेळी विकू.

उत्तर: तुमची नजर चांगली आहे, हे आधी सांगतो. इ.स.पू. ४०८ मध्ये बेटावरची तीन शहरे एकत्र येऊन रोड्स शहर वसले आणि त्याच्या नाण्यांवर एकीकडे सूर्यदेव, दुसरीकडे गुलाब आला. ग्रीकमध्ये गुलाब म्हणजे ‘रोडोन’, म्हणजे गावाच्या नावावर केलेली कोटीच! पण समोरून घडवलेल्या चेहऱ्यात नाक सगळ्यांत उंच, त्यामुळे तेच आधी झिजते. नाक शाबूत असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून झिजलेले नाक कोरून ‘दुरुस्त’ करणारेही आहेत. चांदी जेमतेम पंधरा ग्रॅम. बाकी पैसे त्या नाकाचे.

आता हिशेब. बोली नऊ हजारांवर थांबली आणि लिलावगृहाने खरेदीदाराकडून २० टक्के घेतले, तर तुमच्या खिशातून १०,८०० जातील. विकताना १० टक्के कमिशन धरा. तुमचे मुद्दल सुटायलाच पुढची बोली १२ हजारांवर जायला हवी, म्हणजे भाव एक-तृतीयांशाने चढला तरी हाती शून्य नफा. व्हॅट, विमा मी धरलेलाच नाही.

खरी मेख मात्र परतण्यात आहे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने ऐतिहासिक नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. नाणे ग्रीक आहे म्हणून सूट मिळेल, या भरवशावर राहू नका. ग्रीक नाण्यांना चांगले गिऱ्हाईक युरोप-अमेरिकेत. तुमचे नाणे पुण्याच्या लॉकरमध्ये. इथे विकले तर नफ्यावर कर. उलट जर्मनीत खासगी संग्रहातली अशी वस्तू वर्षभरानंतर विकली तर नफा सहसा करमुक्त असतो. म्हणजे विकायचेच असेल तर विमानात बसण्याआधी. पण दोन वर्षांत भाव एक-तृतीयांशाने चढेल, यावर मी तरी मुलीची फी लावणार नाही.

म्हणून रोड्स नको. हौसेसाठी हजार-दीड हजार युरो बाजूला काढा आणि ते खर्चात लिहा, गुंतवणुकीत नको. ग्रीसच्या थेसली प्रांतातल्या लॅरिसा शहराचा द्राक्मा (चांदीचे जुने ग्रीक नाणे) बघा: पुढे अप्सरेचा चेहरा, मागे चरणारा घोडा, वजन सहा ग्रॅमच्या आसपास. हा चेहरा सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या नाण्यावर किमोन या ठसे कोरणाऱ्या कारागिराने घडवलेल्या अरेथुसा अप्सरेवरून उचललेला आहे. किमोनचे मूळ नाणे आपल्यासारख्यांनी संग्रहालयातच बघावे, पण लॅरिसाचे बरे नाणे काही शे युरोंत मिळते. घेताना जुन्या विक्रीची नोंद मागा आणि जर्मनीबाहेर नेण्याच्या परवान्याचे काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मायदेशी आणताना कस्टम्समध्ये जाहीर करा.