पानावर दिसणारे, पण शोधून न सापडणारे १९५२

प्रश्न : आमच्या तेलुगू मंडळाची स्मरणिका मी संगणकावर जुळवतो. एका ज्येष्ठ सभासदांनी पाठवलेल्या मजकुरात सगळी साले तेलुगू आकड्यांत आहेत. इंग्रजी आकड्यांत १९५२ टाइप करून शोधले तर एकही नोंद मिळत नाही, पानावर मात्र ते साल चार ठिकाणी दिसते. फॉन्ट बदलून काम होईल का? तसेच फोनची भाषा मराठी केली की आकडे देवनागरी होतात, तेलुगू केली तर इंग्रजीच राहतात. हा दुजाभाव का?
– एक वाचक, वरळी

उत्तर : फॉन्ट बदलून काहीही साधणार नाही. युनिकोड या जगभरच्या लिपींसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीत प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो आणि साधा शोध घेताना संगणक चिन्हाचे रूप न पाहता क्रमांक जुळतो की नाही एवढेच पाहतो. इंग्रजी आकडे ४८ ते ५७ या क्रमांकांवर आहेत, देवनागरी २४०६ ते २४१५ वर आणि तेलुगू ३१७४ ते ३१८३ वर. त्यामुळे आपण टाइप केलेले १९५२ संगणकाच्या लेखी ४९, ५७, ५३, ५० असते, तर सभासदांचे १९५२ असते ३१७५, ३१८३, ३१७९, ३१७६. देवनागरी आणि तेलुगू आकड्यांत सर्वत्र ७६८ चे अंतर आहे, आणि ते मुद्दाम ठेवलेले आहे : १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीत सर्व लिपींचा आराखडा एकच होता, तोच युनिकोडने पुढे चालवला.

क्रमांक वेगळे असले तरी प्रत्येक आकड्याचे मूल्य युनिकोडच्या तक्त्यात नोंदलेले असते. ते मूल्य विचारात घ्यायचे की नाही, हे प्रणाली लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. प्रणाली लिहिण्याच्या भाषांपैकी पायथॉन तेलुगू आकड्यांतले साल बिनतक्रार संख्येत बदलते, जावास्क्रिप्ट मात्र ‘ही संख्याच नव्हे’ असे उत्तर देते.

आपण मूळ मजकूर जपून ठेवावा, त्याची एक प्रत काढावी आणि त्या प्रतीत ‘शोधा व बदला’ ही सोय दहा आकड्यांसाठी दहा वेळा वापरावी. सूची आणि शोध यांसाठी ही प्रत घ्यावी; छापायला मात्र सभासदांचे आकडे जसेच्या तसे जावेत, असे मला वाटते, कारण ते त्यांनी हौसेने लिहिले आहेत आणि हल्ली ते फारसे कुठे दिसत नाहीत. एक खबरदारी घ्यावी. तेलुगू अनुस्वार हा आपल्यासारखा डोक्यावरचा ठिपका नसून अक्षराशेजारचे पूर्ण वर्तुळ असते आणि शून्यासारखेच दिसते. त्याचा क्रमांक मात्र ३०७४. आपल्याकडे विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाइप होतो, तसाच तिकडे शून्याच्या जागी अनुस्वार पडू शकतो. म्हणून बदल झाल्यावर १९५० किंवा १९६० यांसारख्या सालांत वर्तुळ उरले आहे का, ते डोळ्यांनी तपासावे.

फोनमधला फरक वापराच्या रूढीतून आला आहे. कोणत्या भाषेत कोणते आकडे आपोआप दाखवायचे, याची नोंद युनिकोड संस्थाच सीएलडीआर या माहितीसंग्रहात ठेवते. त्यात मराठीसाठी देवनागरी, तर तेलुगूसाठी इंग्रजी आकडे मुख्य धरले आहेत आणि तेलुगू आकडे पर्यायी. बेस्टच्या बसच्या कपाळावरचा देवनागरी क्रमांक वाचत मुंबईकर चढतो. तेलुगू वृत्तपत्रे मात्र इंग्रजी आकडे छापतात.

असे असूनही जुन्या तेलुगू हिशेबांतील अपूर्णांकांची सात चिन्हे २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत, युनिकोडमध्ये आली. ती चाराच्या पटीत चालतात : आधी पाव, मग पावाचा पाव म्हणजे एक सोळांश. रुपयाच्या भाषेत सांगायचे तर आधी चार आणे, मग एक आणा. पावकी पाठ केलेल्या आपल्या आजोबांना ती उलगडायला वेळ लागला नसता.