वाचकांचे प्रश्न : कोस्टा रिकाची अरण्ये, ज्वालामुखी आणि किनारे

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाच्या सहलींची पत्रके आता जळगाव-धुळ्याच्या प्रवासी कंपन्यांच्या कार्यालयांतही दिसू लागली आहेत आणि त्यासंबंधीची बरीच पत्रे खानदेशातील वाचकांकडून आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

अमळनेर येथील एक निवृत्त दांपत्य विचारते : आम्हाला मिळालेल्या पत्रकात दहा दिवसांत नऊ ठिकाणे आहेत. इतकी ठिकाणे पाहणे शक्य आहे का आणि कोणत्या महिन्यात जावे?

देश लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ 51,100 चौरस किलोमीटर, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकत्र केले तर त्याच्या साधारण दुप्पट भरते. नकाशावर हे अंतर किरकोळ वाटते आणि त्यामुळेच अशी पत्रके तयार होतात. परंतु वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या उंच डोंगररांगेने या देशाचे दोन भाग केले आहेत, रस्ते वळणावळणाचे आहेत आणि शंभर किलोमीटरच्या प्रवासाला तीन तास लागणे तेथे नेहमीचे आहे. नऊ ठिकाणांपैकी चार निवडावीत आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री राहावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. अरण्यातील प्राणी पहाटे आणि संध्याकाळी दिसतात. दुपारी पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी निघणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला केवळ बसची खिडकी येते.

महिन्याचा प्रश्न याच डोंगररांगेशी निगडित आहे. पश्चिमेकडील, म्हणजे पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ असतो आणि मे ते नोव्हेंबर पाऊस असतो. पूर्वेकडील कॅरिबियन बाजूला मात्र पाऊस जवळजवळ वर्षभर पडतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पश्चिमेकडे तो सर्वांत जोरात असताना, पूर्वेकडे काहीशी उघडीप मिळते. आपल्या वयाचा आणि चालण्याच्या सोयीचा विचार करता जानेवारी ते मार्च हा काळ योग्य ठरेल.

जळगाव येथील भूगोलाची एक विद्यार्थिनी विचारते : सातपुड्याचा मोठा भागही ज्वालामुखीच्या खडकाचा आहे, मग तेथील शंकूसारखे पर्वत आपल्याकडे का नाहीत? तेथे वाहता लाव्हा पाहता येतो का?

आपल्याकडील बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून बाहेर आला. तो पातळ असल्यामुळे दूरवर पसरला आणि थरावर थर साचत गेले. डोंगरकड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या त्या थरांच्याच आहेत. कोस्टा रिकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे पॅसिफिक महासागराच्या तळाचा कोकोस भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकणारा तुकडा, कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो, त्याच्याबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे वरचा खडक कमी तापमानाला वितळतो आणि हा दाट शिलारस एकाच मुखातून वारंवार बाहेर पडून त्याचा शंकू उभा राहतो. हे भूपट्ट आजही सरकत आहेत, म्हणून तेथील ज्वालामुखी जिवंत आहेत.

वाहता लाव्हा मात्र सध्या दिसत नाही. आरेनाल हा पर्वत शतकानुशतके शांत होता. 29 जुलै 1968 रोजी त्याचा अचानक उद्रेक झाला, पायथ्याची गावे गाडली गेली आणि त्यानंतर 2010 पर्यंत तो धुमसत राहिला. त्या काळात रात्री उतारावरून घरंगळणारे लाल दगड पाहण्यासाठी पर्यटक येत. जुन्या छायाचित्रांवर विसंबून आजही तसे दृश्य दाखवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर ते खरे मानू नये. आज तेथे जुन्या लाव्ह्यावरून जाणाऱ्या पायवाटा, समोरचे विस्तीर्ण आरेनाल सरोवर आणि पायथ्याचे गरम पाण्याचे ओढे पाहता येतात. चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाणी आपण पाहिले असेलच. तेथे जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, भूगर्भात खोल मुरलेले पाणी तापून भेगांतून वर येते. आरेनालला हीच उष्णता ज्वालामुखीच्या पोटातून मिळते, म्हणून तेथे गरम पाण्याचे अख्खे ओढेच वाहतात.

विवर पाहण्याची इच्छा असल्यास राजधानी सान होसेपासून जवळ असलेले पोआस आणि इरासू हे दोन ज्वालामुखी निवडावेत. पोआसच्या एक किलोमीटरहून अधिक रुंद विवरात तीव्र आम्लाचे तळे असते. 2017 च्या उद्रेकानंतर तेथे प्रवेशाचे नियम कडक झाले असून हालचाल वाढली की उद्यान बंद ठेवले जाते. इरासू 3,432 मीटर उंच असून देशातील सर्वांत उंच ज्वालामुखी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी मार्च 1963 मध्ये कोस्टा रिकाला आले तेव्हाच त्याचा उद्रेक सुरू झाला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षे राजधानीवर राख पडत होती. दोन्ही ठिकाणी सकाळी लवकर पोहोचावे, कारण दुपारपर्यंत विवर ढगांनी भरून जाते.

शिरपूर येथील एक निसर्गप्रेमी वाचक विचारतात : छायाचित्रांत सगळीकडे हिरवेगार पावसाळी जंगल दिसते. सातपुड्यासारखे पानगळीचे जंगल तेथे आहे का आणि ते पाहण्यासारखे आहे का?

आहे, आणि खानदेशातून जाणाऱ्या माणसाने ते अवश्य पाहावे. देशाच्या वायव्येकडील ग्वानाकास्ते प्रांतात उन्हाळी पानगळीचे अरण्य आहे. बहुतेक सहली या प्रांतात केवळ समुद्रकिनाऱ्यासाठी थांबतात आणि सांता रोसा राष्ट्रीय उद्यान बाजूलाच राहते, याची खंत वाटते.

डिसेंबरनंतर तेथील झाडे पाने टाकू लागतात आणि मार्चपर्यंत रान जवळजवळ उघडे होते. आपल्याकडे फाल्गुनात पळस फुलतो त्याच सुमारास तेथे तबेबुया गटातील झाडांची पिवळी फुले एकाच वेळी फुलून डोंगर उजळून निघतो. एका झाडाची तांबडी साल कागदासारखी सोलून निघते आणि तिच्याखालची हिरवी साल पाने नसतानाही सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते. यावलच्या जंगलातील अंजन आणि सालई ओळखणाऱ्याला असे झाड पाहताना विशेष आनंद होईल. पाणवठे आटत गेल्यावर माकडे, कोआटी हे लांब नाकाचे प्राणी आणि पक्षी उरलेल्या पाण्याजवळ येतात, त्यामुळे घनदाट वर्षावनापेक्षा येथे प्राणी अधिक सहज नजरेस पडतात.

या अरण्याचा इतिहास पाहिला तर त्याचे मोल अधिक कळते. सांता रोसा हे पूर्वी गुरांचे मोठे कुरण होते. चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेले उंच गवत दरवर्षी पेट घेई आणि उगवणारे प्रत्येक रोप त्यात जळून जाई. 1971 मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, तरी आग थांबली नव्हती. डॅनियल जान्झन हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकारी विनी हॉलवाक्स यांनी 1980 च्या दशकात अशी भूमिका मांडली की, आग थांबवली आणि शेजारी अरण्याचे तुकडे शिल्लक असले, तर वारा, पक्षी आणि प्राणी बी आणून टाकतील आणि रान आपोआप वाढेल. त्यासाठी त्यांनी त्याच भागातील शेतकरी आणि गुराखी यांना कामावर घेतले, आग विझवणारी पथके उभी केली, आजूबाजूची जमीन विकत घेण्यासाठी जगभरातून निधी जमवला आणि परिसरातील शाळकरी मुलांचे वर्ग थेट अरण्यात भरवले. आज हा सगळा पट्टा समुद्रापासून ढगांच्या अरण्यापर्यंत सलग जोडला गेला असून 1999 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

याच भागात 1990 च्या दशकात एक विलक्षण प्रयोग झाला. शेजारच्या संत्रा रस कारखान्याने आपल्या मालकीचे काही अरण्य उद्यानाला द्यावे आणि त्या बदल्यात रस काढून उरलेला चोथा उद्यानातील नापीक कुरणावर टाकावा, असा करार झाला. संत्र्याच्या सालींचा सुमारे 12,000 टन चोथा तीन हेक्टर जमिनीवर पडला; त्यानंतर दुसऱ्या एका कंपनीने न्यायालयात धाव घेतली आणि काम थांबले. सोळा वर्षांनी संशोधक तेथे गेले तेव्हा साली टाकलेल्या बाजूला इतके दाट रान माजले होते की, शेजारच्या न टाकलेल्या कुरणाशी तुलना करता झाडांचे वस्तुमान पावणेतीन पट भरले. सालींखाली ते आफ्रिकन गवत गुदमरून गेले आणि जमिनीला सेंद्रिय खत मिळाले. आपल्याकडील शेतमाल प्रक्रिया कारखान्यांचा चोथा कोठे जातो, हा प्रश्न हे वाचून मनात येतोच.

देशपातळीवरही असाच बदल झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून गुरांच्या कुरणांसाठी बेसुमार तोड होऊन 1980 च्या दशकात देशाचा जेमतेम पाव भाग अरण्याखाली उरला होता. 1996 च्या वनकायद्याने अरण्याची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरण्यास बंदी घातली आणि इंधनावरील कराचा काही भाग अरण्य राखणाऱ्या खासगी जमीनमालकांना देण्याची योजना सुरू झाली. आज निम्म्याहून अधिक देश पुन्हा वृक्षाच्छादित आहे. सातपुड्यात वणवे रोखण्यासाठी उन्हाळाभर राबणारे वनमजूर आणि गावकरी यांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी ग्वानाकास्ते पाहून नक्कीच बदलेल, असा माझा विश्वास आहे.

धुळे येथील एक शिक्षक विचारतात : ‘ढगांचे अरण्य’ म्हणजे नेमके काय?

कॅरिबियन समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगरावर चढताना थंड होतात आणि साधारण दीड हजार मीटर उंचीवर वर्षातील बहुतेक दिवस ढग जमिनीलाच टेकलेले राहतात. पाऊस नसतानाही पानांवर साचलेले ढगांतील पाणी सतत ठिबकत असते. त्यामुळे झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि ऑर्किड यांचा जाड थर वाढतो. मोन्तेवेर्दे हे यासाठी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण आहे. 1951 मध्ये अमेरिकेतून आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी तेथे दुग्धव्यवसाय सुरू केला आणि पाण्याचे उगम सुरक्षित राहावेत म्हणून डोंगरमाथ्यावरचे जंगल तोडले नाही. 1972 मध्ये तेथेच राखीव अरण्य स्थापन झाले. केत्साल हा लांब शेपटीचा हिरवा-लाल पक्षी मार्च-एप्रिलमध्ये दिसण्याची शक्यता अधिक असते. याच डोंगरावर आढळणारा सोनेरी भेक मात्र 1989 नंतर कोणालाही दिसलेला नाही. जगात अन्यत्र तो कोठेही नव्हता.

नंदुरबार येथील एक वाचक विचारतात : कासवांची अंडी घालण्याची वेळ आणि जागा कोणती?

कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरो येथे हिरवी कासवे जुलै ते ऑक्टोबर या काळात अंडी घालतात. तेथे रस्ता जात नाही. होडीने किंवा लहान विमानाने जावे लागते. वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात कालव्यांतून होडीने फिरताना झाडांना लटकून राहणारे संथ स्लॉथ, आरडाओरडा करणारी हाऊलर माकडे आणि मगरीसारखे केमन दिसतात. रात्री किनाऱ्यावर परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जाता येते आणि कॅमेरा वा पांढरा दिवा नेता येत नाही, कारण प्रकाशाने बिथरलेली मादी अंडी न घालताच परत फिरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला ज्या ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले आपण पाहतो, तीच जात पॅसिफिक बाजूच्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर काही रात्रींत हजारोंच्या संख्येने येते. पहिल्या दिवसांत घातलेली अंडी नंतर येणाऱ्या माद्यांकडून उकरली जाऊन वाया जातात, म्हणून ती गोळा करण्याची मुभा गावकऱ्यांना आहे आणि त्या बदल्यात ते किनाऱ्याची राखण करतात.

चोपडा येथील एक वाचिका विचारतात : आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे आणि व्हिसाचे काय?

भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेला ‘गायो पिंतो’ तेथील रोजची न्याहारी आहे. सोबत मक्याची पोळी आणि तळलेली केळी मिळतात. घेवडा शिजवताना चरबी वापरली आहे का, हे मात्र विचारून घ्यावे. भारतातून थेट विमान नाही. व्हिसाचे नियम बदलत असल्यामुळे नवी दिल्लीतील कोस्टा रिकाच्या दूतावासाकडे आधी विचारणा करावी, आणि प्रवास पनामा किंवा कोलंबियामार्गे असल्यास पीतज्वराच्या लशीच्या प्रमाणपत्राची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी.

रावेर येथील एक केळी उत्पादक विचारतात : तेथील केळीच्या बागा पाहता येतात का?

पाहता येतात. लिमोन प्रांतात आणि सारापिकी परिसरात काही बागा पाहुण्यांना प्रवेश देतात. सान होसे ते लिमोन हा लोहमार्ग बांधताना मायनर कीथ या ठेकेदाराने रुळांच्या कडेने केळी लावली, 1890 मध्ये मार्ग पूर्ण झाला आणि केळी हाच त्याचा मुख्य व्यापार बनला. रावेर-यावलच्या ग्रँड नैनप्रमाणेच तेथील निर्यातीची केळीही कॅव्हेंडिश गटातील आहेत. घडांवर घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आपल्याला ओळखीच्या वाटतील. घड तारेला टांगून थेट पॅकिंग शेडपर्यंत ओढत नेले जातात, त्यामुळे त्यांना डाग लागत नाही. ही पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण ठिबकने पाणी देतो, तर तेथे बागेतील पाणी बाहेर काढण्यासाठी चर खणावे लागतात, आणि सततच्या ओलीमुळे काळा करपा या पानांवरील रोगावर विमानातून फवारणी करावी लागते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. केळीवरील मर रोगाचा टीआर-4 हा प्रकार मातीतून पसरतो, भारतातील काही भागांत तो पोहोचला आहे आणि लॅटिन अमेरिकेत 2019 मध्ये कोलंबियात त्याची नोंद झाली. केळी हे कोस्टा रिकाचे महत्त्वाचे निर्यात पीक असल्यामुळे तेथील बागायतदार या बाबतीत अत्यंत दक्ष आहेत. आपल्या शेतात वापरलेले बूट, चप्पल किंवा अवजारे सोबत नेऊ नयेत, बागेत तेथे दिलेलेच बूट घालावेत, जंतुनाशकाच्या टाकीत पाय बुडवूनच आत-बाहेर करावे आणि परतताना रोप, कंद किंवा माती यांपैकी काहीही आणू नये. तेथे वापरलेले कपडे धुतल्याशिवाय रावेरच्या बागेत पाऊल टाकू नये.